एकोणिसावा प्रश्न

३ एप्रिल, सोमवार

खोली मिळाली. तिसरा मजला आणि वर थेट गच्ची, म्हणजे ऊन दिवसभर डोक्यावर बसणार. आमच्या पाहणीच्या भाषेत सांगायचं तर मी शहरातल्या सगळ्यात धोक्याच्या घरात राहायला आलो आहे. वरचा मजला, पश्चिमेची खिडकी, आत साठी उलटलेला एकटा माणूस. घरमालक मात्र जिना चढताना 'खोली हवेशीर आहे' हे एकच पालुपद लावून होता.

एकटेच का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, बायको लेकीकडे गेली आहे, येईल महिनाभरात. ही जाऊन येत्या आठ मेला दोन वर्षं होतील. प्रत्येक नव्या शहरात मी हेच सांगतो, आणि महिना भरायच्या आत तिथलं काम आटोपून निघतो, त्यामुळे अजून कधी अंगाशी आलेलं नाही. या वेळचं काम मोठं आहे. बघू कसं निभतं ते.

जिन्यात खालच्या मजल्यावरच्या बाई भेटल्या. निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, एकट्याच राहतात. जिन्यात उभ्या उभ्या त्यांनी माझं वय, रक्तदाब, जेवणाच्या वेळा आणि झोप कशी लागते, सगळं काढून घेतलं. मी त्यांचं नाव 'चौकशी खिडकी' ठेवलं आहे. ही असती तर मला दटावलं असतं, आणि दुसऱ्या दिवसापासून तेच नाव स्वतः वापरलं असतं.

६ एप्रिल, गुरुवार

कामाला लागलो. पालिकेचा हवामान कक्ष म्हणजे इमारतीच्या मागच्या अंगाला, जुन्या जन्ममृत्यू नोंदणीच्या खोलीत मांडलेली चार टेबलं आणि एक पंखा. पंखा फिरायचा म्हणून घेतला होता, पण तो हट्टाने एकाच कोपऱ्याकडे बघत बसतो. पाहुणा म्हणून तो कोपरा मला दिला.

कक्षाच्या प्रमुख बाई चाळिशीच्या आहेत, बोलायला शांत, पण हातातलं पेन सारखं उघडतात आणि मिटतात. त्यांना कामाची पद्धत समजावून सांगितली. आमची संस्था देशोदेशीची शहरं तपासते. पूर आला, उष्णतेची लाट आली, तर हे शहर कितपत तयार आहे? प्रश्न चाळीस, प्रत्येकाला पाच गुण, आणि त्यावरून सगळ्या शहरांची क्रमवारी. माझा नियम एकच आहे, आधी दाखवा, मग गुण मागा. कागदावर सगळीच शहरं तयार असतात. एका ठिकाणी पुराच्या होड्या होत्या, अगदी नव्या कोऱ्या, पण कुलपात, आणि किल्ली ज्याच्याकडे तो गृहस्थ रजेवर.

बाईंचा जीव एकोणिसाव्या प्रश्नात अडकलेला दिसला. लाटेच्या दिवशी एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांची विचारपूस कोण करतं, हा तो प्रश्न. त्या म्हणतात, लाल इशारा आला की त्यांचे स्वयंसेवक अशा प्रत्येकाच्या दारावर जाऊन येतात. पण नव्या आयुक्तांनी ठणकावलं आहे की ज्याला गुण मिळतील तेवढंच पुढे चालू राहील, बाकीचं बंद.

"दोन उन्हाळ्यांपूर्वी आम्ही वास आल्यावर दारं फोडली होती," त्या म्हणाल्या. "गेल्या उन्हाळ्यात बंद दाराआड एकही माणूस गेला नाही."

मी म्हटलं, पुरावा?

"गेला नाही याचा पुरावा कसा दाखवू?"

वाक्य चांगलं आहे, पण वाक्याला गुण देता येत नाहीत.

९ एप्रिल, रविवार

लेकीचा फोन. घर कधी उघडायचं, हा तिचा नेहमीचा प्रश्न. आईचं कपाट आवरायचं राहिलंय, बाबा, तुम्ही नसाल तर मी एकटी आवरू का, असं म्हणाली. मी घाईघाईने म्हटलं, नको, हे काम संपलं की येतो. मागच्या आणि त्याच्या मागच्या कामाच्या वेळीही मी हेच म्हटलं होतं, असं तिने ऐकवलं. लेक आईवर गेली आहे, काही विसरत नाही.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आज तोंडातून निघालेले पहिले शब्द तेच होते. सकाळपासून घसा धरल्यासारखा वाटत होता त्याचं कारण एवढंच.

कपडे धुतले. गॅलरीतली दोरी लांबलचक आहे. माझं अर्ध्या दोरीत भागतं.

१८ एप्रिल, मंगळवार

पहिला लाल इशारा. निरोप सकाळी वेळेवर मोबाइलवर आला, त्याचे गुण तिथल्या तिथे देऊन टाकले.

खोलीवरच अहवाल वाचत बसलो होतो. भर दुपारी चौकशी खिडकी दारात. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं त्यांना वाचून हवी होती. चष्मा गळ्यात लोंबत होता. मी तो दाखवला तर म्हणाल्या, तो लांबचा आहे. वाचून दिलं. मग पाणी मागितलं. आणून दिलं तर म्हणाल्या, तुम्हीही घ्या, एकटीने प्यायला बरं नाही वाटत. म्हणून मीही प्यालो. बाटली परत घेताना त्यांनी माझं मनगटच धरलं आणि धरून ठेवून बोलत राहिल्या. पंखा चालतो ना, खिडकीला पडदा का नाही, बायको कधी येणार. बोलताना माणसाचा हात धरायची ही सवय मला मुळीच आवडत नाही.

त्या गेल्यावर कामात लक्ष लागेना. खोली एकदम जास्तच शांत वाटायला लागली.

२१ एप्रिल, शुक्रवार

दिवसभर पायपीट. शहरात उन्हात सापडलेल्यांसाठी विसावा खोल्या आहेत. तीनपैकी दोन उघड्या आणि खरोखर गार होत्या. तिसरीत एक कारकून पंखा लावून गाढ झोपला होता. त्याला उठवलं तर म्हणाला, साहेब, खोली चालू आहे ना, तेच तपासत होतो. त्याला हसू येत नव्हतं, मला आवरत नव्हतं. ही गंमत घरी जाऊन सांगायची, असं मनात आलं आणि मग कोणाला सांगणार, तेही आलं.

इस्पितळाचा जनरेटर तळघरात आहे. पूर आला की आधी तोच बुडणार. हे वरिष्ठ डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, माहीत आहे, दरवर्षी लिहून देतो. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा होता.

२७ एप्रिल, गुरुवार

आज पुन्हा इशारा आणि पुन्हा चौकशी खिडकी. या खेपेला हातात जाड निळा पडदा आणि दोन लिंबं. पडदा धुतला आहे, खाली दोरीला जागा नाही, तुमच्या खिडकीत दोन दिवस टांगते, म्हणाल्या. माझ्या होकाराची वाट न बघता स्टुलावर चढून टांगलाही. लिंबं जास्तीची होती म्हणे. मग पाणी मागितलं, आणि मलाही प्यायला लावलं.

मला आता शंका यायला लागली आहे. बाईंचं लक्षण ठीक दिसत नाही. पडदे काय, लिंबं काय, मनगट काय! या वयात ही भानगड माझ्या मागे लागावी? मी मुद्दाम मोठ्याने सांगितलं की माझी बायको पुढच्या आठवड्यात येते आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "येऊ द्या हो, मलाही बोलायला कोणी मिळेल." इतकी बेडर बाई मी पाहिली नाही.

खोली मात्र पडद्यामुळे संध्याकाळपर्यंत बरीच निवली. तेवढं कबूल करायला हवं.

२ मे, मंगळवार

आज मी एकोणिसाव्या प्रश्नाचा निकाल लावला.

विचार असा केला की साठीच्या पुढचा एकटा माणूस, वरचा मजला, पश्चिमेची खिडकी, म्हणजे माझ्यापेक्षा चांगला नमुना कुठे मिळणार? पालिकेचे स्वयंसेवक खरंच दारोदार जात असतील तर माझ्याकडे आलेच पाहिजेत. आज लाल इशारा होता. सकाळपासून बाहेर पडलो नाही. सदरा बदलून, खुर्ची दारासमोर घेऊन बसलो. स्वयंसेवक आला तर काय काय विचारायचं, तेही ठरवून ठेवलं. ओळखपत्र आहे का? शिकवलं कोणी? माणूस बेशुद्ध दिसला तर कोणाला कळवणार?

दुपारी दार वाजलं तेव्हा मी ताडकन उठलो. बघतो तर चौकशी खिडकी. जास्तीचा बल्ब आहे का, विचारायला आल्या होत्या. मी दारातूनच म्हटलं, बल्ब नाही, आणि आज मला महत्त्वाचं काम आहे, कोणीतरी यायचं आहे. त्या म्हणाल्या, "असं? कोण यायचंय?" मी घड्याळाकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, पाणी तेवढं मागून घेतलं, मलाही प्यायला लावलं आणि गेल्या.

ऊन उतरेपर्यंत दारासमोर बसून होतो. कोणीही आलं नाही. म्हणजे खालच्या बाई सोडून कोणीही नाही.

शून्य.

शून्य मांडताना मला आनंद झाला नाही, हे इथे लिहून ठेवतो. दिवसभर दाराकडे बघत बसल्यावर कोणीतरी यावं असं वाटायला लागतं. ते पाहणीसाठी की आणखी कशासाठी, हे संध्याकाळपर्यंत माझं मलाच कळेनासं झालं.

४ मे, गुरुवार

कक्षाच्या बाईंना शून्य सांगितलं. पेन मिटायचं थांबलं. त्या म्हणाल्या, आम्ही जातो हो, खरंच जातो. मी म्हटलं, मी स्वतः घरी बसून होतो, कोणीही फिरकलं नाही.

त्यांनी माझं घर कुठे ते विचारलं. सांगितल्यावर त्या काहीतरी बोलायला गेल्या आणि ओठ मिटून गप्प झाल्या. मग म्हणाल्या, पद्धत कशी आहे ते बाहेरच्याला सांगता येत नाही, सांगितलं की मोडते. मी म्हटलं, अशी गुप्त मोहीम मी सैन्यात ऐकली आहे, पालिकेत नाही. नियमातून एकच वाट होती ती त्यांना दाखवली. ज्याच्या दारावर कोणी आलं असेल अशा एका माणसाची जबानी आणा, ती पुरावा म्हणून चालेल.

"ज्यांच्याकडे जातो त्यांना ते कळलेलंच नसतं," त्या म्हणाल्या.

दारात अनोळखी माणूस येऊन उभा राहतो आणि घरातल्याला पत्ता नाही! माझा आवाज चढला असावा, कारण शेजारच्या टेबलावरचे दोघे उठून बाहेर गेले. बाईंनी वाद घातला नाही. त्या खिडकीबाहेर बघत होत्या आणि त्यांचे डोळे भरले होते. मला वाईट वाटलं. पण वाईट वाटून मी कधी गुण दिलेले नाहीत, आणि देऊ लागलो तर ही क्रमवारी कसल्या कामाची?

८ मे, सोमवार

मसुदा मुख्य कचेरीला पाठवला. महिनाअखेरपर्यंत हरकती घेता येतील, मग शिक्कामोर्तब.

हिला जाऊन आज दोन वर्षं झाली. लेकीने फोन केला, दोघंही हवापाण्याचंच बोललो. जावई, नातू, सगळे बरे आहेत.

१६ मे, मंगळवार

आजचं आजच लिहायला हवं.

लाल इशारा होता. दुपार टळायला आली तरी खालून कोणी आलं नाही. कान दाराकडे लागले होते, हे कबूल करतो. मागच्या खेपेला मी त्यांना दारातूनच लावून दिलं होतं, त्याचा राग धरला असेल, असं वाटलं. मग दार वाजलं.

दारात गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेला शिंपी होता, घामाने निथळत. म्हणाला, साहेब, मापाचा टेप मिळेल का थोडा वेळ?

टेप त्याच्या स्वतःच्या गळ्यात लोंबत होता. मी बोट दाखवलं. त्याने मान खाली घालून टेपकडे पाहिलं, जणू तो कोणीतरी आत्ताच तिथे आणून टाकला होता. मग म्हणाला, हा जुना आहे, ताणलाय. मी काही म्हणायच्या आत त्याने पाणी मागितलं. पाणी दिलं.

"तुम्हीही घ्या ना," तो म्हणाला. "एकट्याने प्यायला बरं नाही वाटत."

शाळेतल्या मुलाने धडा म्हणावा तसं म्हणाला. मी त्याच्याकडे बघतच राहिलो. गळ्यातला चष्मा, निळा पडदा, लिंबं, बल्ब, मनगटावरचा हात. आणि प्रत्येक वेळी लाल इशारा. मी इतका वेळ बोललो नाही की शिंपी घाबरला आणि माझं मनगट धरायला पुढे आला.

तुम्हाला कोणी पाठवलं, मी विचारलं. तो म्हणाला, खालच्या बाईंनी फोन केला, त्यांना कालपासून जरा बरं नाही, म्हणून वरच्यांकडे तू जाऊन ये म्हणाल्या.

"आणि त्यांच्याकडे कोण गेलं?"

"त्यांच्याकडे कशाला? त्या आपल्यातल्याच."

आम्ही दोघे जिना कसे उतरलो ते आठवत नाही. दार बऱ्याच वेळाने उघडलं. भिंतीला धरून उभ्या होत्या, चेहरा लाल, अंग तापलेलं आणि कोरडं, घामाचा थेंब नाही. माझ्याकडे बघून जड जिभेने म्हणाल्या, "पाणी प्यालात ना?" आणि खाली बसल्या.

अशा माणसाचं काय करायचं हे मी शहराशहरांतून विचारत आलो आहे, पंधराव्या प्रश्नात. चादर ओली करून लपेटा, मानेला आणि काखेत गार पाण्याच्या घड्या ठेवा, वारा घाला, इस्पितळाला कळवा. उत्तर बरोबर आलं की गुण देऊन मोकळा व्हायचो. स्वतःच्या हाताने चादर भिजवायची वेळ आज पहिल्यांदा आली. शिंपी पुठ्ठ्याने वारा घालत होता आणि रडत होता. गाडी लवकर आली.

बऱ्या होतील, असं डॉक्टर म्हणाले. ते तेच थकलेले डॉक्टर. आणखी थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं, असंही म्हणाले.

१७ मे, बुधवार

इस्पितळात जाऊन आलो. बाई उशीला टेकून बसल्या होत्या, खूपच लहान दिसत होत्या. मी काय बोलावं ते ठरवून गेलो होतो, पण सुरुवात त्यांनीच केली. शिंप्याला त्या नीट शिव्या देत होत्या. इतक्या वस्तू पडल्या आहेत जगात आणि याला मागायला टेपच सुचावा!

मग सगळं सांगितलं. पहिल्या वर्षी पालिकेचे स्वयंसेवक बिल्ले लावून, सरळ विचारपूस करत फिरले होते. लोकांनी दारं लावून घेतली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, मी मेलोय का ते बघायला आलात? कोणालाच दारात उभं राहून 'मी एकटा आहे' म्हणायचं नसतं. तेव्हापासून ठरलं की प्रत्येकाने आपल्याच इमारतीत, आपल्याच गल्लीत जायचं आणि काहीतरी मागायचं.

"मागायला आलेल्याला कोणी हाकलत नाही," त्या म्हणाल्या. "माणसाला वाटतं, आपलं कोणाला तरी काम पडलं. मग तो पाणीही पितो."

मी म्हटलं, मी तुम्हाला हाकललं होतं. त्या हसल्या. म्हणाल्या, माझा नियम मोडणारे तुम्ही पहिलेच.

जरा वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "त्या गेल्यात ना?"

मला 'कोण' असं म्हणता आलं नाही. नुसती मान हलवली. कसं कळलं, असं विचारलं.

"दोरीवरून. तुम्ही कपडे वाळत घालता आणि अर्धी दोरी मोकळी ठेवता. मला आधी वाटलं, येणार असेल कोणी. पण यायचं असलेल्या माणसासाठी कोणी रोज इतकी मोजून जागा नाही सोडत."

मी खिडकीकडे गेलो आणि तिथेच उभा राहिलो. त्यांनी काही विचारलं नाही. दोन वर्षांत कोणासमोर रडलो नव्हतो, लेकीसमोरही नाही.

निघताना त्या म्हणाल्या, आता तुम्हाला कळलंय, म्हणजे तुमच्या दारावरचं माझं काम संपलं. दुसऱ्या कोणाला तरी सांगावं लागेल. हे त्यांनी साधेपणाने सांगितलं. मला इतकं लागेल असं त्यांना वाटलं नसणार.

२० मे, शनिवार

तीन दिवस डोकं याच्यातच आहे. नियमाप्रमाणे एका माणसाची जबानी हवी, आणि आपल्या दारावर कोणी आलं होतं हे माहीत असलेला या शहरात एकच माणूस आहे. जबानीत वय लिहायचं, पत्ता लिहायचा, आणि 'सोबत कोण राहतं' या रकान्यात लिहायचं, 'कोणी नाही'. आणि ती थोरल्या साहेबांपासून सगळी कचेरी वाचणार, जिथे अजून अर्ध्यांना मी बायको लेकीकडे असल्याचंच सांगत असतो.

शिवाय ज्याला योजनेचा लाभ मिळाला तो पाहणी करू शकत नाही. जबानी दिली की मी पाहणीतून बाद. हा नियम कोणी घातला म्हणून शोधायची गरज नाही, मीच घातला होता, आणि फार कडक झाला म्हणून तेव्हा सगळे मला हसले होते. पाहणी गेली की पुढचं शहर नाही. पुढचं शहर नसलं की घर. घर म्हणजे ते कपाट.

थोरल्या साहेबांना फोन केला. ते माझे जुने स्नेही आहेत. म्हणाले, कशाला पाय घालतोस यात? एका प्रश्नाने शहर बुडत नाही. मी म्हटलं, शहर नाही बुडत. साहेब म्हणाले, पाठव.

लिहिली. 'कोणी नाही' हे दोन शब्द लिहायला सगळ्या जबानीपेक्षा जास्त वेळ लागला. खाली माझं मतही जोडलं, की या प्रश्नाला पूर्ण गुण देऊ नयेत. योजना खरी आहे, पण तिला एक मोठं भोक आहे. जे दुसऱ्यांच्या दारावर जातात त्यांच्यातलेही पुष्कळ एकटेच राहतात, आणि त्यांच्या दारावर कोणी जात नाही. तीन पुरेत.

२६ मे, शुक्रवार

कचेरीने दुसरा तपासनीस नेमला. त्याने जबानी धरली आणि तीनच गुण ठेवले. कक्षाच्या बाईंनी फोन केला. आयुक्तांनी योजना चालू ठेवली आहे. मी म्हटलं, दोन गुण मी कापायला लावले, राग नाही ना? त्या म्हणाल्या, राग कसला, त्या भोकाची मलाच लाज वाटतेय, रोज तुमच्या खालच्या बाईंशी बोलत होते मी. मग म्हणाल्या, त्यांच्या इमारतीत कोणी असेल तर बघा ना.

माझं नाव पाहणीतून काढल्याचं पत्र आलं, भाषा सभ्य आहे.

लेकीला फोन केला, या वेळी मी. म्हटलं, जूनच्या मध्यात येतो, कपाट बरोबर उघडू, तू एकटी नको उघडूस. तारीख सांगा, लिहून ठेवते, असं ती म्हणाली. मी म्हटलं, नंतर परत इथे येईन, खोली पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ठेवली आहे. तिथे आता काय काम आहे बाबा, असं तिने विचारलं. मी म्हटलं, आहे एक.

३१ मे, बुधवार

बाई चार दिवसांपूर्वी घरी आल्या. आज लाल इशारा.

सकाळपासून काय मागायला जावं हेच सुचेना. बल्ब त्यांचा मागून झाला, टेप शिंप्याचा. आयुष्यभर लोकांकडे पुरावे मागितले, पण एक साधी वस्तू मागायची म्हटल्यावर डोकं चालेना. शेवटी निळा पडदा काढला. परत द्यायला आलो, असं म्हणता येईल. घडी घालून काखेत मारला आणि खाली गेलो. दार वाजवायला उचललेला हात दोनदा खाली घेतला. या बाई हे दर खेपेला कसं करत होत्या कोण जाणे.

दार उघडलं. हातात काठी होती, पण चेहरा बरा दिसत होता. गळ्यात चष्मा.

"काय हवं होतं?"

पडदा काखेत होता. पण तो पुढे करायचं राहिलं. ठरवलेलं सगळं पार विसरलो.

"काही नको," मी म्हटलं. "तुम्ही बऱ्या आहात ना, ते बघायला आलो."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. असं सरळ विचारायचं नसतं, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. आता दार लावतील असं वाटलं.

"असं कोणी विचारलंच नव्हतं हो," त्या म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

आत जाऊन बसलो. त्यांनी पाणी आणलं, मी म्हटलं, तुम्हीही घ्या. दोघं प्यालो. फारसं बोलणं झालं नाही. पंखा चालू होता, खिडकी उघडी होती. त्यांचं मनगट धरावं का, असा विचार आला, पण ते मला अजून जमत नाही.

निघताना पडदा टेबलावर ठेवला. त्यांनी तो उचलून परत माझ्या हातात दिला.

"उन्हाळा संपला नाही अजून," त्या म्हणाल्या.